आपल्याकडे पानगळ होत नाही, मग बागेत शरद ऋतू ओळखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की परदेशी फोटोंत असतात तशी लाल-पिवळी पानं आपल्या बागेत दिसत नाहीत, मग शरद ऋतू इथे फक्त पंचांगात उरलाय का. अजिबात नाही! पुण्यात घरामागच्या छोट्या बागेत मी दर वर्षी त्याची वाट बघते. आपला शरद पावसाच्या उघडिपीतून येतो, त्याला पानांत शोधू नका.

थंड देशांत दिवस लहान होतात, बर्फ जवळ येतं, म्हणून झाडं पानं टाकतात. आपल्या झाडांना अडचण पाण्याची. आश्विनात जमिनीत चार महिन्यांची ओल मुरलेली असते आणि वर लख्ख ऊन, मग त्यांनी पानं टाकावीत कशाला?

सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्र लागतं. भोंडल्याला पाटावर हत्ती मांडतात, तो याच हस्ताचा. दुपारनंतर गडगडाट, तासभर धो धो, रात्री चांदणं. मग एक दिवस वारा पडतो. मुंबईतून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतर ढगांची सावली नाही आणि ओल्या जमिनीची वाफ हवेत, त्यामुळे ती चिकट ऑक्टोबर हीट.

बागेत सगळ्यात आधी जाणवतात ते कोळी. पावसाळाभर किडे खाऊन माद्या आता पूर्ण वाढलेल्या असतात, म्हणून अचानक दिसू लागतात. जाळ्याच्या मधोमध पांढरी नागमोडी फुली विणून तिच्यावर पाय जोडून बसणारी मादी दिसली तर झाडू उचलू नका, ही माझी कळकळीची विनंती. ती माणसाला काही करत नाही. शेजारी एक इवलासा कोळी असेल, तो तिचा नर. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर तेही पुसू नका. ती फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. चार पानं खाईल, खाऊ द्या.

संध्याकाळी डोक्यावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत. हे वाचल्यापासून ते दिसले की मी हातातलं काम सोडून गच्चीवर जाते.

पहाटे पारिजातकाखाली सडा असतो. तेरड्याच्या शेंगा बोट लागताच फुटतात. थोडं बी पडू द्या, पुढच्या पावसात आपोआप उगवेल. गुलाबाची छाटणी मात्र याच महिन्यात उरका. कुंडीतली माती वरून चटकन कडक होते, तिच्यावर पालापाचोळा पसरा.

ऑक्टोबर सरता सरता कुंपणावर थिरथिरा येतो. नर काळा, पोट तांबूस, तांबूस शेपूट सतत थरथरते. हिमालयाकडून आलेला हा पाहुणा आमच्याकडे थंडीभर राहतो.

आणि पानगळच बघायची असेल तर माघापर्यंत थांबा. तोवर ओल आटलेली असते, आणि सावर, पांगारा, पळस पानं टाकून लाल-केशरी फुलांवर येतात.