रविवारी २२, मंगळवारी ८

प्रश्न : सर, मी इचलकरंजीत १४ वर्षांखालच्या पोरांना हौसेनं फुटबॉल शिकवतो. वहीत २२ नावं आहेत. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सराव असतो, तेव्हा मैदानात ८-९ जण. रविवारी मॅच असली की मात्र सगळेच्या सगळे किट घालून हजर! आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड तर सरावाला फिरकतच नाही. त्याला बसवलं तर मॅच जाते. खेळवलं तर रोज येणारी पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहतात. काय करू?
– एक प्रशिक्षक, इचलकरंजी

उत्तर : पोरं तुमच्या तोंडाकडं बघतात हे तुम्हाला टोचतंय ना, तिथूनच सुरुवात करा. रोज येणाऱ्या पोराला आपण न बोलता सांगत असतो की, बाळा, तू आलास काय आणि नाही आलास काय, रविवारी खेळणार तोच. हे त्याला एकदा पटलं की तोही यायचा बंद होतो. तुमची गळती फॉरवर्डमुळं आहे असं मला वाटत नाही. ती रविवारी तुम्ही जी टीम लावता तिच्यामुळं आहे.

मी कोल्हापुरात २५ वर्षं पोरांना शिकवतोय आणि ही चूक मीही बरीच वर्षं केली. मग एका हंगामाच्या आधी पालकांना बोलावून सांगितलं : आठवड्यातले दोन्ही सराव केले तर पहिल्या अकरात विचार होईल, एक केला तर दुसऱ्या हाफमध्ये, एकही नाही तर बाहेर बसून टाळ्या. दुसऱ्याच रविवारी माझ्या सेंटर फॉरवर्डवर बाहेर बसायची वेळ आली. बसवला. ३-० नं हरलो. त्याचे काका मॅचभर लाइनीवरून मला बोलत होते. त्याच्या जागी खेळलेला पोरगा वर्षभरात एक दिवस चुकला नव्हता, पण मॅचमध्ये दहा मिनिटांच्या वर कधी उतरला नव्हता. मॅच संपली तरी तो बूट सोडेना. स्टड फरशीवर वाजवत, चिखलाच्या मोज्यांनिशी तसाच पेठेतनं घरी चालत गेला. फॉरवर्ड दोन आठवडे रुसून बसला, तिसऱ्या मंगळवारी गुपचूप येऊन वॉर्मअपच्या रांगेत उभा राहिला. मी काही बोललो नाही.

पण नियम लावायच्या आधी एक काम करा. हजेरीच्या वहीत नावापुढं फुली मारता, तिथं कारण लिहा. पोरगं सांगेल ते नव्हे, खरं असेल ते. त्यासाठी घरी जावं लागतं. आमच्याकडं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही शाहू स्टेडियमवर गाजणारी फुटबॉल संघांची नावं मुळात कुस्तीच्या तालमींची. माझे वडील सांगायचे, पोरगं दोन दिवस आखाड्यात दिसलं नाही की वस्ताद कुणाला तरी त्याच्या दारात धाडायचे.

माझ्याकडं एक हाफबॅक रोज पाऊण तास उशिरा यायचा. मी त्याला रोज पाच राउंड पळवायचो आणि तो मुकाट्यानं पळायचा. एका संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. तिथं गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. म्हशीचं दावं धरून हाच उभा. अंगात आमची जर्सी, वर जुना सदरा. वडील धार काढत होते, हा पेले विसळून पुढं करत होता. मला बघून तो लाजला नाही, घाबरला. आता उद्या सर राउंड वाढवणार, असं त्याला वाटलं असणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की, ह्याची वेळ सव्वासहा. ती त्यानं कधी चुकवली नाही. नियम मोडत नाही यानं, फक्त प्रत्येकाचा पोटापाण्याचा वेळ आपल्याला ठाऊक पाहिजे. इचलकरंजीत तर घराघरात मागाच्या पाळ्या असतात, तुम्हाला हे मी काय सांगायचं?

आठच आले म्हणून सराव रद्द करू नका. आणि न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढू नका, ही चूक आपण सगळेच करतो. ३० बाय २० मीटरची चौकट आखा, चार-चार जण खेळवा. बावीस जणांच्या रांगेत उभं राहून पोराच्या पायाला बॉल लागतो किती? चार-चारमध्ये तो सारखा लागतो. घामानं निथळून घरी गेलेलं पोरगंच शाळेत बाकीच्यांना सांगतं की काल मजा आली. रविवारी टीम कमी पडेल ही भीतीही बाळगू नका. फुटबॉलच्या नियमात ७ जण असले तरी मॅच सुरू होते.

राहिली परीक्षा. तुमच्यातली काही पोरं सातवीत असतील, त्यांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. क्लासच्या वेळा पालकांकडून आत्ताच लिहून घ्या आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात त्यांना एकच सराव ठेवा. त्या महिन्यात सातवीच्या पोरांचा एक सराव म्हणजे दोन, हे नियमाच्या कागदावरच लिहा. आणि तो कागद फॉरवर्डच्या वडिलांच्या हातात पहिला द्या, मॅचच्या सकाळी नव्हे, ह्या सोमवारी, त्यांच्या घरी बसून.