चीनमधल्या मिशनरी पाद्र्यावरचा ग्रेगरी पेकचा जुना चित्रपट कोणता? पाहण्यासारखा आहे का?

तो 'द कीज ऑफ द किंगडम', 1944 चा, कृष्णधवल. ए. जे. क्रोनिनच्या कादंबरीवर बेतलेला. पेकची ही अगदी सुरुवातीची भूमिका, आणि तिलाच ऑस्करचं पहिलं नामांकन मिळालं.

जरूर पाहा. फादर चिशम श्रीमंत मिस्टर चियांच्या मुलाचा चिघळलेला हात चिरून त्याचा जीव वाचवतो. उपकार फेडायला चिया ख्रिस्ती व्हायला तयार होतात. मिशन ओस पडलंय, तरी चिशम नाही म्हणतो. का, तर मनात श्रद्धा नसताना घेतलेला धर्म त्याला नको असतो! मग चिया टेकडीवरची जागा देतात. नास्तिक डॉक्टरमित्र मरणपंथाला असतानाही तो त्याला धर्माचे डोस पाजत नाही. मला तर तिथे दरवेळी भरून येतं.