"आई बस गो" म्हणणाऱ्या मुलांसाठी

"ताई, आईचं वय ७१, किमो झालीय, आता तिला चालायला लावायचं म्हणजे हालच ना, आरामच बरा ना?" फोंड्यात मला हा प्रश्न सारखा येतो, विचारणारी बहुतेक लेक नाहीतर सून असते आणि आवाज अगदी कातर असतो, म्हणून एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडी बदललीय.

मावशी म्हार्दोळच्या बाजूच्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं संपून चार महिने झालेले, रिपोर्ट चांगले, पण दिवसभर सोप्यावर बसून. पाणी हातात, ताट हातात, जरा उठल्या की मुलगा म्हणणार "आई बस गो!" मी विचारलं, पूर्वी संध्याकाळी काय करायचात? "जाईच्या कळ्या काढायची. आता कसलं, वय झालं."

इथंच मला खरी अडचण सापडली. थकवा किमोचा होता पण नाव वयाचं लागलं होतं. किमोचा थकवा कमी होऊ शकतो, वय काही कमी होत नाही, मग सगळं वयाच्या खात्यावर टाकलं की हलायचं कारणच उरत नाही. येल युनिव्हर्सिटीच्या बेका लेव्हींच्या २००२ च्या अभ्यासात स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेनं बघणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगलेली दिसली, त्यामुळे घरात बोललेलं "वय झालं" मी हलक्यात घेत नाही.

आणि नुसतं बसून हा थकवा जात नाही हो, उलट स्नायू झिजतात, मग न्हाणीपर्यंत जाऊनही धाप लागते, म्हणून माणूस अजून बसतो. सुनेला ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजायची भीती होती, तीही खरीच, पण २००९ साली अशा सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजन उचलायला लावून बघितलं तर सूज वाढली नाही. आधी डॉक्टरांना विचारा मात्र: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, कॅन्सर हाडात पसरलाय का, तोल जातो का. हे मी कुणालाच सोडू देत नाही.

आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हा गाईडलाईनचा आकडा मावशींना सांगितलाच नाही, घाबरल्या असत्या. अंगणातल्या जाईपर्यंत दोन फेऱ्या, आणि फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. नातवाची उंची मोजायच्या खुणा ज्या भिंतीवर होत्या तिथंच सुनेनं पेन्सिलीनं आजीच्या बोटांच्या खुणा केल्या. पहिली खूण खांद्याच्याही खाली! मध्ये ताप येऊन आठवडा गेला, खूण परत खाली आली, मावशी रडल्या, मुलगा म्हणाला बघा मी सांगत होतो. परत एका फेरीपासून सुरू केलं.

तिसऱ्या महिन्यात सुनेचा फोन आला. खालच्या फांदीवरच्या कळ्या आई स्वतः काढतात, वरच्या अजून नातू काढतो, आणि मुलानं जाईखाली नेऊन ठेवलेली खुर्ची त्यांनी त्यालाच उचलायला लावली, म्हणाल्या वाटेत येते.