मराठी माध्यम आणि व्हर्बलचे १४३

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्यात गणिताचा भाग क्वांट आणि इंग्रजी भाषेचा व्हर्बल. तिच्या मार्गदर्शनासाठी आमच्याकडे येणाऱ्या मराठी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. ‘क्वांटचं मी बघून घेईन, पण व्हर्बलचं काय? दहावीपर्यंत माझं मराठी मीडियम.’ पुढची केस अशाच एका मुलीची. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.

वय तेवीस. राहायला भांडुप, नोकरी मरोळला. शाळा मराठी, आठवीपासून सेमी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. नंतर मुंबई विद्यापीठाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी. आता अमेरिकेत एमएस करायचं होतं. पहिल्या भेटीला वडील सोबत आले आणि तिच्या आधी तेच बोलले, ‘मॅडम, चूक आमचीच. तेव्हा इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर पोरीवर ही वेळ आली नसती.’ मुलगी मान खाली घालून मोबाईलचं कव्हर काढत-घालत होती.

हे वाक्य आम्ही पहिल्याच भेटीत बाजूला काढून ठेवतो. वडिलांना बरं वाटावं हा हेतू नाही, त्या वाक्यामुळे निदानच चुकतं. दोष माध्यमाचा ठरवला की उपायही एकच उरतो, शब्द पाठ करणं. हिने तेच केलं होतं. रोज तीस शब्द, तेही यादीतल्या क्रमाने, तीन महिने. या यादीवाल्यांची एक खूण असते. अबेट, अबरंट, अबेयन्स झोपेतून उठवलं तरी सांगतात, आणि ‘एम’च्या पुढची पानं कोरी करकरीत. वडिलांना आम्ही बाहेर चहा घ्यायला सांगितलं आणि तिची चाचणी लावली.

जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप नावाच्या दोन पूर्ण सराव चाचण्या मोफत मिळतात. खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळ जाणारं साहित्य हेच, म्हणून ते उधळायचं नाही. एक सुरुवातीला द्यायची, दुसरी परीक्षेच्या दोन आठवडे आधी. हिचे पहिल्या चाचणीत क्वांटला १६१ आले आणि व्हर्बलला १४३. दोन्हींचं मोजमाप १३० ते १७०, आणि व्हर्बलची सर्व परीक्षार्थींची सरासरी १५१ च्या आसपास असते. १४३ कमीच. पण रडण्यासारखे नाहीत.

गुणांपेक्षा चुकांकडे बघावं लागतं. व्हर्बलचे एकूण प्रश्न २७, त्यातले १७ चुकले होते. ते सतरा प्रश्न तिच्यासमोर ठेवून आम्ही प्रत्येकाशेजारी कारण लिहायला लावलं. ‘येत नव्हतं’ हे कारण चालणार नाही, असंही सांगितलं. सव्वा तास गेला. शब्द मुळातच माहीत नव्हता असे निघाले फक्त चार. शब्द माहीत होता पण त्याचा इथला अर्थ वेगळा होता, तीन. वाक्य कुठे वळलं ते कळलं नाही, पाच. उताऱ्यात नसलेलं आपल्या मनाने घातलं, तीन. वेळ संपली म्हणून ठोकून दिले, दोन. तीन महिन्यांची घोकंपट्टी सतरापैकी चारच चुकांवर चालली होती. हे आम्ही सांगून तिला पटलं नसतं, तिच्याच अक्षरात समोर होतं म्हणून पटलं.

अर्थ वेगळा असलेले शब्द म्हणजे फार कठीण शब्द नव्हेत, रोजचेच. ‘सँक्शन’ म्हटलं की मुंबईकराला गृहकर्ज आठवतं, पण इंग्रजीत त्याचा अर्थ मंजुरी तसाच निर्बंधही. ‘टेम्पर’ म्हणजे राग, आणि क्रियापद म्हणून एखाद्या गोष्टीचा जोर कमी करणं, सौम्य करणं. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, आणि गळून जाणंही. ‘वाँट’ म्हणजे हवं असणं, तसंच उणीव. परीक्षा घेणाऱ्यांना हे शब्द फार आवडतात, कारण ते ओळखीचे वाटतात आणि म्हणून कोणी थांबून बघत नाही.

तिच्यासाठी आम्ही एक वाक्य बनवलं : ‘ऑलदो मेनी टुक द रिव्ह्यू फॉर अ‍ॅन अटॅक, द क्रिटिक्स प्रेज, हाउएवर ___, वॉज जेन्युइन.’ पर्याय पाच : इफ्यूसिव, क्वालिफाइड, इनसिन्सिअर, अनॅनिमस, बिलेटेड. तिने इफ्यूसिव निवडलं. का? ‘स्तुती म्हणजे भरभरूनच असणार. आणि क्वालिफाइड म्हणजे पात्र, स्तुती पात्र कशी असेल?’

मग पर्याय हाताने झाकले आणि विचारलं, मराठीत सांग, तिथे कसला शब्द हवा? ती थांबली. बऱ्याच जणांना तो लेख म्हणजे हल्ला वाटला. तरी त्यातली स्तुती खरी होती. म्हणजे स्तुती होती, पण अशी की वाचणाऱ्याला टीका वाटावी. ‘हातचं राखून केलेली,’ ती म्हणाली. हात काढला. ‘क्वालिफाइड’चा दुसरा अर्थ हाच, अटी-मर्यादा घालून केलेलं. मग तिने रास्त शंका काढली, ‘बिलेटेड का नाही? उशिरा केलेली स्तुतीसुद्धा खरी असू शकते की.’ असू शकते. पण उशीर झाला म्हणून कोणी स्तुतीला हल्ला समजत नाही. वाक्याचा पहिला भाग रिकाम्या जागेकडे बोट दाखवतो, आणि जो पर्याय त्या बोटाकडे बघत नाही तो कितीही गोड वाचला तरी बाद.

‘इंग्रजीतच विचार कर’ हा सल्ला तिला क्लासमध्ये मिळाला होता. आमच्या मते तो ठरवून अमलात आणता येत नाही, म्हणून निरुपयोगी. रिकाम्या जागेचा अर्थ मराठीत सुचला तर काही बिघडत नाही. मात्र आख्खं वाक्य शब्दामागून शब्द मराठीत आणायला गेलं की घात होतो, आणि इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपण ‘ज्यांनी हे केलं, त्यांना ते मिळालं’ असं बोलतो. विशेषण आधी येतं, क्रियापद शेवटी. इंग्रजी वाक्यात कर्ता आधी येतो, मग दोन स्वल्पविरामांमध्ये अडीच ओळींची पुरवणी आणि त्यानंतर कुठेतरी मुख्य क्रियापद. तिथे पोचेपर्यंत कर्ता विसरलेला असतो. तिच्या पाचपैकी तीन चुका याच जातीच्या होत्या.

त्यावर व्यायाम दिला. रोज पाच लांब वाक्यं कागदावर घ्यायची. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ने सुरू होणारे आणि स्वल्पविरामांत अडकलेले तुकडे पेन्सिलीने खोडायचे. उरलेल्या सांगाड्यात कर्ता आणि क्रियापद अधोरेखित करायचं. मग ‘ऑलदो’, ‘फार फ्रॉम’, ‘अल्बीट’, ‘इफ एनीथिंग’ अशा वळणांभोवती गोल करायचा आणि समासात मराठीत एकच शब्द लिहायचा : ‘उलट’ किंवा ‘म्हणून’ किंवा ‘शिवाय’. पंधरा मिनिटांचं काम. परीक्षेत पडद्यावर खोडता येत नाही, पण महिनाभर हात चालला की डोळे ते आपोआप करू लागतात.

शब्दांची यादी बंद केली नाही, रोज तीसवरून आठवर आणली. तेही यादीतून उचललेले नव्हेत, त्या दिवशी वाचलेल्या मजकुरात अडलेले. शब्दासोबत ते वाक्यही वहीत आलंच पाहिजे.

उताऱ्यांचं प्रकरण निराळं होतं. व्हर्बलमधले जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि बहुतेक उतारे एकाच परिच्छेदाचे. ती तांत्रिक विषयांवरच्या उताऱ्यात जास्त चुकत होती, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. कारण साधं होतं. विषय ओळखीचा, त्यामुळे उत्तर उताऱ्यातून न देता ती आपल्या ज्ञानातून देत होती. पर्याय जगात खरा असला म्हणून चालत नाही, उताऱ्यात त्याचा आधार दाखवता आला पाहिजे. तसंच ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘नेव्हर’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायाजवळ एकदा थबकायचं. दर उताऱ्यानंतर वहीत एक ओळ, मराठीतच : लेखक काय म्हणतो आणि कोणाचं म्हणणं खोडतो?

वेळ कुठून काढायचा हा प्रश्न होताच. भांडुप ते घाटकोपर स्लो लोकलमध्ये पुस्तक काय, कोपरही हलत नाही. पण मेट्रो घाटकोपरहूनच सुटते. एक गाडी सोडली की बसायला मिळतं, आणि मरोळ नाक्यापर्यंत एक उतारा आरामात होतो. वहीतली ओळ ऑफिसात जाऊन लिहायची. रात्री जेवणानंतर चाळीस मिनिटं, रविवारी सकाळी मॉक, म्हणजे सराव परीक्षा. चौदा आठवड्यांचं वेळापत्रक यापेक्षा जड केलं नाही. नोकरी करणाऱ्यांनी रोज चार तास लिहिलेलं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यात भिंतीवरून उतरतं.

सहाव्या आठवड्यात ती फोनवर रडवेली झाली. चौथ्या आठवड्याच्या मॉकमध्ये १४८ होते, आता १४६. असं अनेकांचं होतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर मुलं पद्धत सोडून पुन्हा यादीकडे वळतात. आम्ही प्रश्नागणिक वेळ तपासली. अचूकता वाढली होती, वेग पडला होता. शेवटचे चार प्रश्न तिने वाचलेच नव्हते.

२०२३ च्या सप्टेंबरपासून परीक्षा आखूड झाली आहे, एकूण १ तास ५८ मिनिटं, मधे सुटी नाही. व्हर्बलचा पहिला विभाग १२ प्रश्न, १८ मिनिटं. दुसरा १५ प्रश्न, २३ मिनिटं. म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. पण सरासरीने वागलं की फसायला होतं. रिकाम्या जागांचे प्रश्न मिनिटाच्या आत उरकले तरच उताऱ्यांना दोन-दोन मिनिटं मिळतात. एका विभागात पुढे-मागे जाता येतं, खूण करून ठेवता येते. म्हणून तिला क्रम बदलून दिला. आधी सगळ्या रिकाम्या जागा, मग छोटे उतारे, लांब उतारा शेवटी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडायची नाही. आणि पहिल्या विभागातल्या कामगिरीवर दुसरा विभाग सोपा येणार की कठीण हे ठरतं, त्यामुळे पहिल्यात एका प्रश्नावर चार मिनिटं घालवणं फार महागात जातं.

सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नातही ती वेळ घालवत होती. तिथे दोन्ही बरोबर आले तरच गुण. ती समानार्थी जोडी शोधून लगेच टिक करत असे, पण वाक्यात न बसणारी एक समानार्थी जोडी पर्यायांत बरेचदा मुद्दाम पेरलेली असते. पुन्हा तेच, आधी पर्याय झाकायचे.

निबंधाला तिने अखेरच्या तीन आठवड्यांत हात घातला, आणि तेवढं पुरलं. निबंध आता एकच, ३० मिनिटांचा, आणि तो परीक्षेत सर्वांत आधी येतो. संभाव्य विषयांचा संच ईटीएसने खुला ठेवलेला आहे. चार मिनिटं आराखडा, बावीस मिनिटं लेखन, चार मिनिटं वाचन. टाइप करतो तिथे स्पेलिंग तपासणारी सोय नसते. क्लासने दिलेला साचा तिने पाठ केला होता, तो टाकायला लावला, कारण निबंध इतरांच्या मजकुराशी जुळतो का हे सॉफ्टवेअर तपासतं. उदाहरणं एडिसनची कशाला? मेट्रो आणि कोस्टल रोड तिने डोळ्यांनी पाहिले आहेत. ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘सिन्स टू इयर्स’ या दोन चुका मात्र शेवटपर्यंत अधूनमधून डोकावत राहिल्या.

परीक्षा घरून द्यायची की केंद्रावर? वडिलांना घरून सोयीचं वाटत होतं. पण घरून देताना बंद दाराच्या खोलीत एकटीनेच बसावं लागतं, मधे कोणी आत आलेलं चालत नाही, आणि कच्च्या कामाला साधा कागद न घेता छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक कव्हरमधला कागद वापरावा लागतो. वन रूम किचनमध्ये, जिथे पाणी साडेपाचला येतं आणि बेल सातदा वाजते, तिथे हा जुगार कशाला? केंद्र घेतलं. नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर.

परीक्षा संपताच पडद्यावर आकडे आले. क्वांट १६६, व्हर्बल १५३. अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत येतो. तिला लगेच पुन्हा द्यायची होती, १५६ साठी. २१ दिवसांनी देता येते, बारा महिन्यांत पाचदा. आम्ही आधी तिच्या सहा विद्यापीठांची विभागवार पानं उघडायला लावली. २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरई ऐच्छिक केली आहे. हे काम खरं तर पहिल्या दिवशीचं, पण वडिलांच्या त्या वाक्यात ते मागे पडलं, ही आमची चूक. सहापैकी तीन ठिकाणी जीआरई लागतच नव्हती. उरलेल्या तिन्हींत कॉम्प्युटर सायन्ससाठी १५३ वर अडावं असं काही दिसलं नाही. गुण पाच वर्षं चालतात. अर्जांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीच्या, आणि ऑक्टोबर अर्धा संपला होता. तिने पुन्हा दिली नाही.

आता टोफेल, इंग्रजी भाषेची वेगळी परीक्षा. तिथे माइकसमोर बोलायचं असतं, आणि आरशासमोर घडाघडा बोलणारी ही मुलगी माइकचा दिवा लागला की गप्प होते. ते काम अजून चालू आहे.