कोरड्या वर्षाचा आकडा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे रब्बी ज्वारीच्या वाणांच्या चाचणीचे तिन्ही ठिकाणांचे तक्ते मिळाले. तुझ्या मनातला गोंधळ पत्रापेक्षा तक्त्यांत अधिक स्पष्ट दिसतो. दोन ठिकाणांचे आकडे तू नीट टंकून पाठवले आहेस आणि तिसऱ्या, कोरडवाहू ठिकाणाच्या तक्त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आहेस. तिथे परतीचा पाऊस झाला नाही, पीक पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेत, येता येता जमिनीतली ओल संपली, एका पुनरावृत्तीतले (सगळ्या वाणांच्या एका संचातले) काही प्लॉट निसवलेच नाहीत आणि सी. व्ही., म्हणजे आकड्यांचा विस्कळीतपणा सांगणारी टक्केवारी, चौतीसवर गेला. आता ते ठिकाण वगळून उरलेल्या दोघांच्या सरासरीवर प्रबंध लिहावा असे तुला सुचवण्यात आले आहे, सोबतच्या एकाने आकडे ‘बसवून घे’ असा सल्ला दिला आहे, आणि हे सगळे सोडून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जावे की काय, अशा विचारात तू आहेस.

आकडे बसवण्याविषयी मी काही लिहिणार नाही, कारण ते तू करणार नाहीस. मला लिहायचे आहे ते त्या पेन्सिलीच्या रेघेविषयी. ती रेघ आधी पुसून टाक. कोरड्या वर्षाचा आकडा टाकायचा नसतो.

तुझा विषय रब्बी ज्वारी आहे, हे क्षणभर बाजूला ठेवले तर तुला दिलेला सल्ला शहाणपणाचा वाटेल. पण मोहोळ, मंगळवेढा, जत, माण या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरलेले हे पीक पुढे जवळजवळ सगळे आयुष्य जमिनीत साठलेल्या ओलीवर काढते. ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊस लावतो, डाळिंब लावतो. ज्याच्याकडे नाही तो ज्वारी पेरतो, आणि ती दोन गोष्टींसाठी पेरतो : घरात भाकरी आणि दावणीला कडबा. चांगल्या वर्षी त्याला कोणताही वाण पुरेसे देतो, त्यासाठी त्याला विद्यापीठाची गरज नाही. त्याला तुझी गरज पडते ती ज्या वर्षी ओल पोटरीत संपते त्या वर्षी, आणि नेमक्या त्याच वर्षाच्या तक्त्यावर तू रेघ मारून बसली आहेस.

मालदांडी ३५-१ घे. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून तिची निवड झाली. १९६४ मध्ये सी. एस. एच. १ हा संकरित वाण आला आणि खरिपाचे चित्र त्याने बदलले. रब्बीत मात्र एकामागून एक संकरित वाण येऊनही शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, कारण दाण्याचा मोतिया रंग, भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि ताण सोसण्याची ताकद हे सगळे एकत्र देणारे दुसरे काही त्याला सहजी मिळाले नाही. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशीही हेच पीक आहे. ज्या जमिनीत आणि ज्या हवामानात हे पीक घ्यायचे, तिथेच त्याची निवड झाली होती. कोरडे हंगाम वगळून कोणी सरासरी काढली असती, तर हे गुण त्याला दिसले नसते.

खडखड्या रोगाचे उदाहरण तर तुझ्या डोळ्यांसमोरचेच आहे. फुलोऱ्यानंतर ओलीचा ताण पडला की मॅक्रोफोमिना ही जमिनीतली बुरशी मुळांतून ताटात शिरते, आतला गर खाते आणि पोकळ झालेले ताट दाणा भरण्याआधीच लोळते. दोनदा पाणी दिलेल्या प्लॉटमध्ये हा रोग तुला नीटसा दिसणारही नाही. मग कोणता वाण खडखड्याला टिकतो हे तू कोणत्या वर्षी पाहणार आहेस? उत्तर एकच आहे, आणि ते तुझ्या तिसऱ्या तक्त्यात आहे. तो तक्ता टाकशील तर त्या वाणाच्या सहनशीलतेचा एकमेव पुरावा तू स्वतःच्या हाताने टाकशील.

आता सांख्यिकीविषयी, कारण तुझी खरी भीती तिथे आहे. डुकरांनी खाल्लेला प्लॉट आणि ओल संपून वाळलेला प्लॉट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे उत्पादन आपल्याला कळलेलेच नाही, म्हणून तो गहाळ प्लॉट धरून त्याचा अंदाज काढता येतो. दुसऱ्याचे उत्पादन कळलेले आहे, ते शून्य आहे, आणि शून्य हे निरीक्षण आहे. तू तुझ्या तक्त्यात दोन्हीकडे सारखीच आडवी रेघ दिली आहेस. हे चालणार नाही. इतक्या प्रामाणिक मुलीच्या तक्त्यात ही ढिलाई पाहून मला वाईट वाटले, म्हणून स्पष्ट लिहितो.

दुसरे असे की चौतीस हा आकडा पाहून घाबरण्याआधी तो कशातून आला हे शोधायला हवे. विरळणी वेळेवर न होणे, बियाण्यांची सरमिसळ, मोजणीतला निष्काळजीपणा यांतून तो आला असेल तर ती चाचणी खरोखरच बाद आहे आणि मीच ती बाद करीन. पण तुझ्या नकाशावरून ती जमीन उताराची दिसते, आणि उताराच्या जमिनीत एका टोकाला वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर दुसऱ्या टोकाला दोन हात माती असते. माती खोल तिथे ओल जास्त, ओल जास्त तिथे दाणा जास्त. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशा शिफारशी जमिनीच्या खोलीवरच उभ्या आहेत, हे तू परीक्षेत लिहिले असशील. मग स्वतःच्या प्लॉटची खोली तू का मोजली नाहीस? प्रत्येक प्लॉटची खोली मोजून ती सहप्रसरण विश्लेषणात, म्हणजे अशा मोजलेल्या गोष्टीचा परिणाम वेगळा काढणाऱ्या गणितात, घातली, तर त्या चौतीसातला बराचसा भाग जमिनीच्या नावावर जाण्याची शक्यता आहे, आणि वाणांमधला फरक, असेल तर, वर येईल. नसेल तर ‘फरक आढळला नाही’ असे लिही. तेही लिहिण्यासारखेच आहे.

स्थिरतेच्या, म्हणजे ठिकाण बदलले तरी वाण कितपत टिकतो याच्या, अभ्यासासाठी तू एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ ची पद्धत वापरणार आहेस. त्या पद्धतीत प्रत्येक वाणाचे उत्पादन त्या त्या ठिकाणाच्या सरासरीसमोर मांडून रेषा काढतात. सर्वांत कमी उत्पादनाचे ठिकाण काढून घेतले की त्या रेषेचे खालचे टोकच नाहीसे होते. उरलेल्या दोन सारख्याच ठिकाणांवरून तू कोणत्या वाणाला ‘स्थिर’ म्हणणार? कोरड्या वर्षाचा आकडा टाकायचा नाही असे मी म्हणतो, ते केवळ शेतकऱ्याच्या कळवळ्यापोटी नाही, गणितही तेच सांगते.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्याविषयी तुम्हांला शिकवतात की नाही, मला ठाऊक नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर काम करताना त्यांनी दाखवून दिले की कापणीचा प्लॉट फार लहान घेतला की उत्पादनाचा अंदाज वाढून येतो, कारण सीमेवरची झाडे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणाऱ्याचा हात त्यांना आत घेतो. त्या मोजणाऱ्यांच्या मनात लबाडी नव्हती. तरीही सगळ्यांची चूक एकाच बाजूला, चांगल्याच्या बाजूला झुकत होती. ठिकाणे वगळण्याचेही तसेच आहे. वगळणारा प्रत्येक जण सद्‌हेतूने वगळतो, आणि वगळले जाते ते मात्र नेहमी वाईट वर्षच. फार चांगले उत्पादन आले म्हणून एखादे ठिकाण सरासरीतून काढल्याचे मी आयुष्यात पाहिलेले नाही.

हे मी इतके आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. नोकरीच्या मधल्या काळात माझ्याकडे एक वाण होता. हलक्या जमिनीत, अवर्षणाच्या लागोपाठच्या हंगामांत तो उभा राहिला, कणीस लहान पण दाणा भरलेला आणि ताट न लोळलेले. त्या चाचण्या कमी उत्पादन आणि जास्त सी. व्ही. म्हणून सरासरीतून गळल्या. चांगल्या वर्षांच्या सरासरीत तो तुल्य वाणाच्या, म्हणजे तुलनेसाठी पेरलेल्या वाणाच्या, मागे पडला आणि चाचणीतून बाहेर गेला. बैठकीत मी विरोध नोंदवला, इतिवृत्तात तो आला नाही. त्यानंतर माझ्या प्रत्येक अहवालाला वगळलेल्या ठिकाणांचा तक्ता मी परिशिष्ट म्हणून जोडत गेलो, आणि परिशिष्ट काढून अहवाल पुन्हा पाठवा असे कळवण्यात आले तेव्हा ते जोडूनच पुन्हा पाठवला. लोक मला हेकट म्हणाले. माझी बढती मागे पडली, माझ्या बरोबरीच्यांच्या नावावर माझ्यापेक्षा जास्त वाण लागले, आणि घरच्यांनी त्या काळात जे सोसले त्याची भरपाई मला करता आलेली नाही. त्या वाणाचे बियाणे मी निवृत्तीपर्यंत दर वर्षी एका ओळीत पेरून जिवंत ठेवले. माझ्यानंतर ती ओळ कोणी पेरली नाही, याची खंत मला आजही आहे. पण त्या परिशिष्टांची खंत मुळीच नाही. वाणांच्या शिफारशी तपासणाऱ्या संयुक्त कृषी संशोधन समितीपुढे ठेवलेली शिफारस जर फक्त चांगल्या वर्षांवर उभी असेल, तर ती ज्याच्या शेतात पहिल्यांदा कोसळेल त्याला आपण कोणता तक्ता दाखवणार आहोत? या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा कोणी दिले नाही आणि अजूनही कोणी दिलेले नाही. म्हणून मी तेव्हा बरोबर होतो असेच मानतो.

स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे. कृषी पदवीधरांनी प्रशासनात जाणे मला कमीपणाचे वाटत नाही, चांगला तालुका कृषी अधिकारी अनेक संशोधकांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. मात्र चाचणी फसली म्हणून जाऊ नकोस. तुझी चाचणी फसलेली नाही. पाऊस फसला, आणि चाचणीने ते इमानाने नोंदवले.

मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नकोस. त्यांच्यावर वेळेचे आणि कागदपत्रांचे दडपण असते, ते मी जाणतो. तिन्ही ठिकाणांची सरासरी आणि दोन ठिकाणांची सरासरी अशी दोन्ही मांड, तिसऱ्या ठिकाणाचा संपूर्ण तक्ता प्रबंधाच्या मुख्य भागात ठेव, आणि सी. व्ही. इतका का आला हे अर्ध्या पानात लिही. मार्गदर्शक फारच मागे लागले तर परिशिष्टापर्यंत मागे ये. त्याच्या पलीकडे मात्र एक पाऊलही सरकू नकोस.

आता वेळेचे बोलू. उन्हाळी नांगरट होण्याआधी त्या शेतावर जा. तू लिहितेस की खुंट्या अजून तशाच आहेत आणि धसकटेही उभी आहेत. आराखड्याचा नकाशा बरोबर घे. प्रत्येक प्लॉटमध्ये तीन ठिकाणी ऑगर (मातीत भोक पाडायचे गिरमिट) घालून मुरूम लागेपर्यंतची खोली सेंटिमीटरमध्ये मोज आणि तिथेच, उभ्या उभ्या, फील्ड बुकात पेनने लिही. घरी येऊन आठवून लिहू नकोस. नेट प्लॉटमधली (कडेच्या ओळी सोडून आतली) धसकटे उपटून बुडाशी उभी चीर आणि आत काळे ठिपके दिसणारी किती, न दिसणारी किती, ते मोज. कापणीच्या वेळच्या नोंदीइतकी ही मोजणी पक्की नसेल, म्हणून ती कधी आणि कशी केली हे तक्त्याखाली स्पष्ट लिही. वाळलेल्या प्लॉटसमोर शून्य घाल, आणि डुकरांनी खाल्लेल्या दोन प्लॉटसमोर तसे लिही. कडब्याचे वजन तू घेतले आहेस पण तक्त्यात घातलेले नाहीस, तेही घाल. शेतमालकाला आधी कळव, कारण एकदा ट्रॅक्टर शेतात शिरला की त्या खुंट्या परत लावता येणार नाहीत. खोलीचे आकडे आले की मूळ फील्ड बुकाच्या पानांचे फोटो मला पाठव, सहप्रसरणाचे गणित आपण दोघे मिळून करू.

तुझा,
सर