‘किती देणार?’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गल्लत आहे. एखादी गोष्ट करावीशी वाटणं आणि कुणीतरी ती करायला लावणं, दोन्हींना आपण ‘मोटिव्हेशन’ म्हणतो. मला विचाराल तर पहिलीला मराठीत ‘गोडी’ हा नेमका शब्द आहे.

रोज सकाळी मोटिव्हेशनल व्हिडिओ बघतो, पण दुपारपर्यंत उत्साह ओसरतो. असं का?

गोडी व्हिडिओची लागली आहे, कामाची नाही. महिनाभर ते बंद करा.

२१ दिवसांत सवय लागते ना? मला ४० दिवसांनंतरही व्यायाम जिवावर येतो.

नाही लागत. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे लोकांनी ‘किमान’ गाळलं. लंडनमधल्या एका अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवस निघाला, कुणाला १८ तर कुणाला २५४. दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

मुलगी सात वर्षांची आहे. तिला चित्रांचं वेड होतं. कौतुक म्हणून आजोबा दर चित्रामागे दहा रुपये देऊ लागले. आता कागद पुढे केला की विचारते, ‘किती देणार?’

आजोबांचा हेतू चांगलाच होता. पण हे पत्र मला वेगवेगळ्या घरांतून वर्षानुवर्षं येतं आहे. कधी चॉकलेट असतं, कधी सायकल, कधी मोबाइलवर अर्धा तास जास्त.

१९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रांची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला ते न सांगता, नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र शाबूत होती. म्हणजे घात वस्तूने केला नाही, ‘हे केलंस तर ते देईन’ या सौद्याने केला. चित्र हे मुलीचं खेळणं होतं, आपण त्याची मजुरी केली.

मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन सांगतात, की गोडी टिकायला तीन गोष्टी लागतात : निवड आपली असावी, जमतंय असं वाटावं आणि आपलं माणूस सोबत असावं. म्हणून पैसे बंद करा, पण शिक्षा म्हणून नव्हे. ‘आमचं चुकलं, चित्रं तुझीच आहेत’ असं आजोबांनीच सांगावं. रंग हाताशी ठेवा. काय काढायचं ते सुचवू नका. ‘वा, हुशार!’ म्हणण्याऐवजी ‘या झाडाला जांभळा का दिलास?’ असं विचारा. आणि कृपा करून लगेच स्पर्धेत नाव घालू नका! दात घासण्यासारख्या, मुळात नावडत्या कामाला थोडं आमिष चालतं, आवडीच्या कामाला नाही. दोन-तीन महिन्यांत फरक नाही पडला, किंवा ती खेळायचीही थांबली, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा.

‘अंतःप्रेरणा जागृती’ शिबिर, दोन दिवस, १८ हजार रुपये. आजच नोंदणी केल्यास सवलत आहे. मुलाला पाठवू का?

नको. घाईने विकलेली सवलत ही विक्रीची युक्ती आहे, उपचार नाही. शिकवणाऱ्यांचं मानसशास्त्रातलं शिक्षण विचारा आणि उत्तर काय येतं ते बघा. त्यापेक्षा मुलाला विचारा, त्याला काय करायचं आहे. अडचण खरी असेल तर समुपदेशकाची एक भेट याहून कितीतरी स्वस्त पडते.

मुलगा २५ वर्षांचा, एमपीएससीचे तीन प्रयत्न झाले. चार महिने कशातच मन नाही. क्रिकेटही बघत नाही, रात्रभर जागा असतो. मामा म्हणतात, आळशी झालाय, चांगलं झापा. त्याला प्रेरणा कशी द्यावी?

झापू नका. आळशी माणूस अभ्यास टाळतो, आवडीचं क्रिकेट सोडत नाही. आवडत्या गोष्टीही नकोशा होणं आणि झोप उडणं ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. चार महिने का थांबलात? याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ते थायरॉइड, रक्तक्षय यांच्याही तपासण्या सांगतील. जवळ कुणी नसेल तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. मरणाचं काही बोलला असेल तर मात्र आठवड्याची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका आणि आजच रुग्णालयात न्या.