उर्दूतील तुर्की शब्द अभ्यासताना

आरंभी एक विनंती करतो: उर्दूतील तुर्की शब्दांचे मूळ थेट आजच्या इस्तंबूलच्या भाषेत शोधू नका, कारण ते मुख्यतः मध्य आशियातील चगताईसारख्या तुर्की बोलींतून आणि बहुधा फारसीच्या मार्गाने आले आहेत. ‘उर्दू’ हे नावच ‘ओर्दू’ म्हणजे लष्करी छावणी या शब्दावरून पडले. ‘-ची’ हा ‘ते काम करणारा’ या अर्थाचा प्रत्यय मात्र सावकाश अभ्यासा. तुर्कीत तो शब्दातील स्वरांनुसार बदलतो, म्हणून आजच्या तुर्कीत ‘तोपचू’ होते. फारसीत आणि उर्दूत ही स्वरसंगती उरली नाही, त्यामुळे ‘तोपची’ (मराठीतही हाच शब्द आहे) असे एकच रूप स्थिरावले. ‘क़ैंची’ (कात्री) या शब्दातील अनुनासिक फारसी ‘क़ैची’त नाही; ती भर भारतीय उच्चाराची आहे, आणि असे बारकावे मला फार मोलाचे वाटतात.